नवतप्यात लेसरचा डोळा

हिंगणघाटच्या बसस्टँडसमोर मध्यंतरी एक भलामोठा फ्लेक्स लागला होता: ‘आता गावातही प्रकाशाच्या वेगाचं इंटरनेट!’ फायबरमधून प्रकाश जातो हे खरं आहे. पण प्रकाश वेगवान म्हणून नेट वेगवान, हे साफ चूक. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश तिच्यात किती पटीने मंदावतो तो आकडा) सुमारे १.४७, त्यामुळे फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला तीन नव्हे, दोन लाख किलोमीटरच कापतो. तांब्याच्या तारेतला संकेतही साधारण तेवढ्याच वेगाने जातो. चांगल्या कोअ‍ॅक्स केबलमध्ये (टीव्हीला येते तशी जाड तार) तर थोडा जास्तच. नुसती धावण्याची शर्यत असती, तर गावोगावचे रस्ते खोदायचं कारणच नव्हतं.

फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने. एका सेकंदात प्रकाश किती वेळा कमी-जास्त करता येतो आणि पलीकडच्या टोकाला तो फरक किती बिनचूक ओळखू येतो, यावर सगळं अवलंबून आहे. हे काम प्रकाश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या ट्रान्सीव्हर मॉड्यूलचं. बोटाएवढी चपटी धातूची डबी, एका टोकाला सोनेरी पट्ट्या, दुसऱ्या टोकाला फायबर बसवायची जागा, ओढून काढायला छोटीशी कडी. आत एक लेसर, आलेला प्रकाश ओळखणारा एक फोटोडायोड आणि त्यांना चालवणारं सर्किट. ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेट या सरकारी योजनेची केबल आली, तिच्या तालुक्याकडच्या टोकालाही अशीच मॉड्यूल्स असतात.

आता १० गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला हजार कोटी बिट पाठवणारं मॉड्यूल घ्या. त्यात एक बिट, म्हणजे एक ‘शून्य’ किंवा एक ‘एक’, जेमतेम १०० पिकोसेकंद टिकतो (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). तेवढ्या वेळात प्रकाश फायबरमध्ये दोन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे एका बिटची लांबी झाली दोन सेंटिमीटर. डेटा सेंटरमधल्या ४०० गिगाबिटच्या चार वाटांच्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक वाटेवर एका ठोक्यात दोन बिट जातात आणि त्या ठोक्याची लांबी चार मिलिमीटरच्याही आत येते, ज्वारीच्या दाण्याएवढी. असे दाणे एकामागोमाग एक, मध्ये जागा न सोडता धावताहेत आणि त्यातला प्रत्येक ओळखायचा आहे.

तो ओळखता येतो की नाही, हे तपासायची जी पद्धत आहे, तिच्या मी प्रेमात आहे. एक यंत्र बिटांची वेडीवाकडी मालिका मॉड्यूलला पुरवतं. वरवर पाहता तिला काही क्रम नाही, पण सुमारे २१४ कोटी बिटांनंतर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मॉड्यूलमधून निघालेला प्रकाश ऑसिलोस्कोपवर, म्हणजे संकेताचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर घ्यायचा, त्या लांबलचक आलेखाचे बिटाच्या मापाचे तुकडे करायचे आणि सगळे एकावर एक रचायचे. शून्यावरून एकावर चढणाऱ्या रेषा, उतरणाऱ्या रेषा, वरच्या वर किंवा खालच्या खाली सरळ जाणाऱ्या रेषा, अशा हजारो एकमेकींवर बसल्या की मधोमध डोळ्याच्या आकाराची मोकळी जागा उरते. हा आय डायग्राम. डोळ्याची उंची म्हणजे ‘एक’ आणि ‘शून्य’ यांतलं अंतर, त्यातून गोंगाट वजा करून. रुंदी म्हणजे ‘आता वाच’ म्हणायला मिळणारा निवांत वेळ. रेषा कधी लवकर, कधी उशिरा येऊ लागल्या की डोळा बाजूंनी बारीक होतो. लेसर मंदावला की वरून-खालून मिटतो. तपासणारे डोळ्याच्या मध्यावर एक मनाई क्षेत्र आखून ठेवतात. रेषा त्यात शिरल्या की मॉड्यूल नापास.

शून्य म्हणजे अंधार, असं मात्र नाही. लेसर पूर्ण विझवला तर पुन्हा पेटायला वेळ घेतो, म्हणून शून्यालाही तो मंद तेवत ठेवतात. १० किलोमीटर पल्ल्याच्या १० गिगाबिट मॉड्यूलमध्ये ‘एक’ हा ‘शून्या’च्या किमान ३.५ डेसिबल, म्हणजे सव्वादोन पट असला तरी चालतो.

आपल्याकडचा उन्हाळा इथेच आडवा येतो. लेसर पेटायला विजेचा एक किमान प्रवाह लागतो आणि तापमानाबरोबर तो घातांकी वेगाने वाढतो. २५ अंशांवर जेवढा लागत होता, त्याच्या दुप्पट ७० अंशांवर लागू शकतो. प्रकाश कमी पडतोय हे पाहून आतलं सर्किट आणखी प्रवाह सोडतं, त्याने लेसर आणखी तापतो. सरासरी प्रकाश कसाबसा सावरला, तरी एक आणि शून्य यांतलं अंतर आखडतं, चढण-उतरणही आळसावते. डोळा मिटायला लागतो. साधं मॉड्यूल ० ते ७० अंशांसाठी बनवलेलं असतं, औद्योगिक दर्जाचं उणे ४० ते ८५ अंशांसाठी, आणि हे अंश हवेचे नसून डबीच्या अंगाचे असतात. बाहेर ४६, वर टिनाचं छत, लाइन गेल्याने कूलर बंद आणि शेजारच्या खाचांमध्ये तसंच तापलेलं दुसरं मॉड्यूल, असा हिशेब मांडला तर ७० फार लांब राहत नाही. म्हणून गरम पेटीत ठेवून काढलेला डोळाच मला खरा वाटतो. एसी खोलीत २५ अंशांवर काढलेलं चित्र देखणं असतं, पण आमच्या मे महिन्यात ते काय कामाचं?

“भाऊ, बंद करून चालू करून पाहा ना,” हा सल्ला म्हणूनच कधीकधी लागू पडतो. तेवढ्यात लेसर निवतो. गावातल्या नेटच्या पेटीला लिंबू-मिरची बांधलेलीही मी पाहिली आहे. नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, सूर्य रोहिणीत असतो, पण लेसरला नक्षत्र कळत नाही, अंश कळतात. आणि मिरचीने हवा खेळायची फट झाकली जाते ती वेगळीच.

डोळा पाहून भागत नाही, चुकाही मोजाव्या लागतात. १० गिगाबिटला एक लाख कोटी बिटांत एक चूक माफ. मॉड्यूल तेवढं चांगलं आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणायला तीन लाख कोटी बिट एकही चूक न होता जावे लागतात, म्हणजे साधारण पाच मिनिटं. ४०० गिगाबिटच्या मॉड्यूलमध्ये दोनऐवजी प्रकाशाच्या चार पातळ्या वापरतात (पॅम-४), त्यामुळे तीन बुटके डोळे एकावर एक येतात. प्रत्येकाची उंची तिसरा हिस्सा. तिथे दहा हजार बिटांत दोन-अडीच चुका गृहीतच धरतात आणि चूक दुरुस्त करणारं गणित त्या निस्तरतं.

गावात ऑसिलोस्कोप कुठला आणणार? पण बहुतेक मॉड्यूल्स स्वतःच पाच आकडे सांगत असतात: तापमान, व्होल्टेज, लेसरचा प्रवाह, पाठवलेला प्रकाश, मिळालेला प्रकाश. दोन्ही टोकांचे आकडे पाहावेत. पलीकडून प्रकाश नीट निघतोय आणि इथे कमी पोचतोय, तर संशय आधी वाटेवर आणि कनेक्टरवर घ्यावा. फायबरचा गाभा ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर कापसाचा एक तंतू १२ ते २० मायक्रॉन जाड. जिनिंगच्या दिवसांत एवढा एक तंतू टोकावर बसला तरी पुरे. शर्टाच्या टोकाने पुसलं की आणखी दोन चिकटतात. तंतू न सुटणारा कागद आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावं. फायबरला डोळा लावून पाहू नये, तो प्रकाश दिसत नाही पण इजा करू शकतो. आणि लेसरचा प्रवाह पहाटे, सगळं निवलेलं असताना नोंदवावा. दुपारी तो चढणारच. पहाटेचा आकडाच महिन्यागणिक वर सरकत असेल, तर लेसर थकलाय. नवं मॉड्यूल पावसाळ्याची वाट न पाहता मागवून ठेवावं.