वॉशिंग्टनचे दात लाकडाचे? नाही हो!

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन लाकडाची कवळी लावायचे, हे आपण लहानपणापासून ऐकतोय, क्विझमध्ये पण विचारतात. पण हे चूक आहे. त्यांच्या कवळ्यांमध्ये पाणघोड्याचे दात, गाई-घोड्यांचे दात, माणसांचे दात, शिसं, पितळेचे स्क्रू आणि उघडझाप व्हायला स्प्रिंग असं सगळं होतं, लाकूड मात्र कुठेच नाही. मग लाकूड आलं कुठून? तर पाणघोड्याच्या दाताला बारीक चिरा पडतात, त्यात डाग बसले की लाकडाच्या रेषांसारखं दिसतं, म्हणून गैरसमज झाला असावा असं अभ्यासक म्हणतात. १७९८ मध्ये तर त्यांच्या डेंटिस्टने, जॉन ग्रीनवुडने, त्यांना कळवलं की कवळी पोर्ट वाइनमुळे काळी पडलीये!

१७८९ ला शपथ घेतली तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यामुळे नाश्त्याला त्यांना आवडायचे ते मक्याच्या पिठाचे मऊ होकेक, लोणी आणि मधात अगदी बुडवलेले, जे चावायला त्रास नाही. बिचाऱ्यांचं दुखणं कायमचंच होतं.

पण एक गोष्ट मला खरंच अस्वस्थ करते, १७८४ च्या त्यांच्या हिशोबाच्या वहीत कृष्णवर्णीयांना ९ दातांचे ६ पौंड २ शिलिंग दिल्याची नोंद आहे, हे लोक बहुधा त्यांच्याच माउंट व्हर्नन या शेतमळ्यावरचे गुलाम, आणि गुलाम माणूस नाही म्हणणार तरी कसा? लाकडाच्या गोष्टीत हे दात देणारे लोक पार गायबच होतात.