ओठांवर दिसणारी आठवण

“वही काढा, तारीख घाला, पान 42 उघडा, तिसरं आणि पाचवं गणित सोडवा आणि झालं की वही टेबलावर आणून ठेवा.” बाई एका दमात सांगतात. दोन मिनिटांनी एक मुलगी शेजारणीच्या वहीत डोकावताना दिसते. वही काढलेली, तारीखही घातलेली, पुढचं सगळं पुसलं गेलेलं. “लक्ष कुठे आहे तुझं?” हा प्रश्न ठरलेलाच, आणि मला तो फार अन्यायाचा वाटतो. तिचं लक्ष होतं, पण एवढी लांब सूचना तिच्या मनात मावली नाही.

38 आणि 27 यांची तोंडी बेरीज करताना हातचा एक मनात धरून आपण दशकांकडे वळतो. धरून ठेवणं आणि त्याच वेळी काम करणं, ही वर्किंग मेमरी, म्हणजे कार्यरत स्मृती. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये तिची रचना मांडली. मोठ्या माणसांच्याही मनातल्या या पाटीवर एका वेळी जेमतेम चार गोष्टी मावतात, असं नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये दाखवलं. लहान मुलांची पाटी त्याहून छोटी. शिवाय एकाच वर्गात फरक केवढा! सुझन गॅदरकोल यांच्या अभ्यासानुसार सात-आठ वर्षांच्या तीस मुलांत तिघांची क्षमता साधारण चार वर्षांच्या मुलाइतकी, तर तिघांची अकरा वर्षांच्या मुलाइतकी असू शकते. ही क्षमता वाढवण्यासाठीच्या कॉम्प्युटरवरच्या सरावाने मुलं त्या सरावात तरबेज होतात, पण वाचन-गणितात त्याचा उपयोग फारसा दिसत नाही.

मग हाती काय उरतं? 1966 मध्ये जॉन फ्लेव्हेल आणि सहकाऱ्यांनी मुलांना चित्रं दाखवली, त्यांतली काही क्रमाने लक्षात ठेवायला सांगितली आणि डोक्यावरच्या खेळण्यातल्या हेल्मेटची झडप खाली ओढून डोळे झाकले. त्या पंधरा सेकंदांत संशोधक पाहत होता मुलांचे ओठ. दहा वर्षांची बहुतेक मुलं नावं पुटपुटत होती. पाच वर्षांच्या मुलांचे ओठ जवळजवळ स्तब्धच.

पुढच्याच वर्षीच्या प्रयोगात, न पुटपुटणाऱ्या पहिलीतल्या मुलांना पुटपुटायला शिकवलं, तर त्यांना इतरांइतकंच आठवू लागलं! म्हणजे कुवत होती, युक्ती सुचत नव्हती. पण “आता हवं तर करा” म्हटल्यावर निम्म्याहून जास्त मुलांनी ती सोडून दिली. एकदा शिकवून भागत नाही ते यामुळेच.

म्हणून सूचना दोन-दोनच द्याव्यात आणि उरलेल्या फळ्यावर लिहाव्यात. पण त्याहून मोलाचं आहे ते शिक्षकांचं रोजचं बोलणं. जेनिफर कॉफमन आणि पीटर ऑर्नस्टीन यांनी पहिलीचे वर्ग पाहिले. ज्या वर्गांत शिक्षक शिकवताना लक्षात ठेवण्याबद्दल अधिक बोलत, तिथली मुलं वर्षअखेरीस युक्त्या जास्त चांगल्या वापरत होती. “उत्तर काय?” याच्या जोडीला “हे लक्षात राहावं म्हणून तू काय केलंस?” असंही विचारावं. मूल आधी गोंधळतं, मग म्हणतं, “मी मनात म्हणत होतो.” शेजारचं मूल ते ऐकतं आणि पुढच्या खेपेला त्याचेही ओठ हलू लागतात.