फाटलेली गादी, न दुखणारा गुडघा

गुडघ्याच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘मेनिस्कस टेअर’ (गुडघ्यातली गादी फाटली) हे दोन शब्द दिसले की पेशंटला हायसं वाटतं: चला, कारण सापडलं. हा भरवसा कसा तयार झाला, त्याची गोष्ट एमआरआयपेक्षा जुनी आहे.

1895 मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि हाडं दिसायला लागली. पण मांडीच्या नि नडगीच्या हाडांमधली चंद्रकोरीसारखी गादी, म्हणजे मेनिस्कस, क्ष-किरणांत उमटत नाही, लिगामेंटही नाही. म्हणून सांध्यात हवा किंवा डाय भरून फोटो काढायची युक्ती निघाली. 1918 मध्ये टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी 1962 मध्ये दुर्बिणीतूनच मेनिस्कसचा फाटका भाग काढला.

एमआरआयमागचं भौतिकशास्त्र 1946 चं, ब्लॉख आणि पर्सेल यांचं. त्यातून चित्र काढता येतं हे लॉटरबर यांनी 1973 मध्ये दाखवलं. 3 जुलै 1977 रोजी डमाडियन यांच्या यंत्रात माणसाच्या छातीचा एक छेद टिपायला जवळजवळ पाच तास लागले. गुडघ्याची पाळी आली ती ऐंशीच्या दशकात, सांध्याभोवती बसून सिग्नल टिपणारी कॉइल आल्यावर. चांगला मेनिस्कस फिल्मवर काळ्या त्रिकोणासारखा दिसतो. त्यातून पांढरी रेघ कडेपर्यंत गेली असेल तर तो फाटलेला. हे वाचन बरोबर की चूक, ते दुर्बिणीतून पाहून ताडलं गेलं आणि बहुतेक वेळा जुळलं. यंत्र पास झालं. फक्त परीक्षेतला प्रश्न ‘फाटलंय का?’ एवढाच होता; ‘त्यामुळेच दुखतंय का?’ हा नव्हताच.

दुखण्याचा प्रश्न स्कॉट डाय या अमेरिकी सर्जननं स्वतःच्या अंगावर घेतला. सांध्याच्या आत भूल न देता त्यांनी आपल्या गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली आणि सहकाऱ्याला आत एकेक जागा टोचायला लावली. 1998 मध्ये छापलेल्या या प्रयोगात वाटीच्या कूर्चेला (हाडावरच्या गुळगुळीत थराला) टोचलेलं त्यांना कळलंही नाही, पण वाटीखालच्या चरबीला आणि सांध्याच्या अस्तराला टोचताच जीवघेणी कळ आली. एमआरआयवर नजर मात्र आधी कूर्चेकडे आणि मेनिस्कसकडेच जाते.

मग 2008 मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमचा अभ्यास आला. त्या गावातली पन्नाशीपुढची 991 माणसं, दुखणं असो वा नसो, सरसकट यंत्रात घातली. ज्यांचा मेनिस्कस फाटलेला निघाला त्यांतल्या 61 टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास झाला नव्हता. 2013 मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी झिजून फाटलेल्या मेनिस्कसचे 146 पेशंट घेतले; काहींचं खरं ऑपरेशन केलं, बाकीच्यांचं नुसतं नाटक. वर्षभरानं दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं होतं.

याचा अर्थ एमआरआय फुकट, असा कोणी काढू नये. 2001 मध्ये त्याच तपासणीनं एक नवा धागा दिला: झिजलेल्या गुडघ्यांत हाडाच्या मगजात दिसणारे सुजेसारखे डाग दुखणाऱ्यांत 78 टक्के, न दुखणाऱ्यांत 30 टक्के आढळले. आणि खेळताना पाय पिळवटून गुडघा तासाभरात टम्म सुजला, किंवा अडकून सरळच होईना, तर एमआरआय करायला डॉक्टर आजही फारसा विचार करत नाहीत.