दहा लाख ओळींची यादी आणि खऱ्या ओळी फक्त एकतीस

२४ पिक्सेल उंचीची एक ओळ धरा. अशा १० लाख ओळींची यादी बनवली तर तिची उंची होते २ कोटी ४० लाख पिक्सेल, आणि इंचाला ९६ पिक्सेल या नेहमीच्या हिशोबाने ती सव्वासहा किलोमीटरच्या वर जाते. म्हणजे आपण माऊसचं चाक फिरवत आरामात खाली खाली जातो तेव्हा वाटतं की त्या विंडोच्या मागे सहा किलोमीटर लांबीचा कागद गुंडाळून ठेवलाय आणि आपण तो सरकवतोय. तसा कागद कुठेच नसतो. विंडो ७२० पिक्सेल उंच असेल तर तिच्यात ३० ओळी मावतात, वर-खाली अर्धवट कापलेल्या धरून ३१, आणि खरोखर बनवलेल्या ओळी जवळपास तेवढ्याच असतात, हाताशी असाव्यात म्हणून थोड्या जास्तीच्या. बाकीच्या नऊ लाख नव्याण्णव हजार ओळी स्क्रीनच्या दृष्टीने फक्त एक आकडा आहेत.

मला हे कळलं ते चटका बसल्यावर. लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी लिहून ठेवतो ती फाइल, बघायला एक छोटं टूल लिहिलं होतं, प्रत्येक ओळीला एक आयकॉन, एक वेळेचं लेबल, एक मजकुराचं लेबल, आणि हे सगळं एका बॉक्समध्ये टाकून तो बॉक्स यादीत. २०० ओळींवर टेस्ट केलं, मस्त चाललं. मग खरी फाइल उघडली, तीन लाख ओळींची, आणि विंडो पांढरी पडली ती पडलीच, मेमरी वाढत वाढत गेली आणि शेवटी प्रोग्रॅम मारावा लागला. तेव्हा मला वाटलं होतं की फाइल वाचायला वेळ लागतोय, पण फाइल तर क्षणात वाचून झाली होती, वेळ जात होता तो कुणीही कधी बघणार नाही अशा लाखो विजेट, म्हणजे लेबल, आयकॉन, बॉक्स असे स्क्रीनवरचे घटक, बनवण्यात.

विजेट ही महागडी वस्तू आहे हे लक्षात घ्यायला हवं. साधं लेबल असलं तरी त्याला स्वतःची स्टाइल असते, फॉन्टचा हिशोब असतो, माऊस वर आला की काय करायचं ते असतं, आणि मुख्य म्हणजे 'तुला जागा किती लागेल?' हा प्रश्न टूलकिट, म्हणजे विंडो आणि विजेट बनवून देणारा तयार कोड, प्रत्येकाला विचारतं. एका ओळीला हे उत्तर द्यायला १० मायक्रोसेकंद लागतात असं धरलं, जे फारच उदार धरणं आहे, तरी १० लाख ओळींना १० सेकंद. आणि स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रंगवायचा तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. हा हिशोब जुळणारच नाही, कितीही वेगवान मशीन आणा.

उपाय असा की डेटा आणि दिसणं यांची फारकत करायची. ही कल्पना नवी नाही, १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ट्रिग्वे रीनस्काउग यांनी स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम करताना मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, म्हणजे डेटा, दिसणं आणि हाताळणं वेगळं ठेवायची रचना, मांडलं, आणि त्यांच्यासमोरचा प्रश्न हाच होता की प्रचंड आणि गुंतागुंतीचा डेटा माणसाला बघता आणि हाताळता कसा यावा. आजच्या टूलकिटमधलं मॉडेल, म्हणजे डेटा सांभाळणारा भाग, बघितलं तर ते इतकं साधं असतं की आश्चर्य वाटतं. जीटीके या टूलकिटमध्ये जी-लिस्ट-मॉडेल म्हणून जे वापरतात त्याला मुख्यतः दोनच प्रश्न विचारायचे असतात, तुझ्याकडे एकूण किती आहेत आणि अमुक नंबरचा दे. क्यूटी या दुसऱ्या टूलकिटमध्येही तेच, रोकाउंट (ओळी किती) आणि डेटा (अमुक ओळीत काय). यादी दाखवणाऱ्याला याहून जास्त काही कळायची गरजच नाही.

आता दाखवण्याची बाजू. रहाटगाडगं डोळ्यासमोर आणा. गाडगी मोजकीच, पण ती फिरत राहतात, वर आलेलं रिकामं होतं, खाली जाऊन पुन्हा भरून येतं, आणि पाणी मात्र दर वेळी नवं. यादीतही अगदी हेच चालतं. तुम्ही खाली स्क्रोल केलं की वरची ओळ विंडोबाहेर जाते, ती फेकून न देता तिच्यातला मजकूर काढला जातो आणि तोच विजेट खालून नव्या मजकुरासकट आत येतो. जीटीके ४, जे डिसेंबर २०२० मध्ये आलं, त्यात या चार पायऱ्यांना सरळ नावंच दिलीयत, सेटअप म्हणजे गाडगं घडवणं, बाइंड म्हणजे भरणं, अनबाइंड म्हणजे रिकामं करणं, टेअरडाउन म्हणजे मोडून टाकणं. सेटअप मोजक्याच वेळा होतं, बाइंड हजारो वेळा, आणि म्हणूनच बाइंडमध्ये कुठलंही जड काम करायचं नाही हा नियम पाळावाच लागतो.

याआधीची पद्धत शिक्क्याची होती. जावा भाषेच्या स्विंग या टूलकिटमध्ये एकच विजेट असतो, तो पहिल्या ओळीच्या मजकुराने सजवायचा, त्याचा ठसा उमटवायचा, मग तोच दुसऱ्या ओळीसाठी सजवायचा, पुन्हा ठसा. जीटीकेमध्ये याद्या दाखवणाऱ्या जुन्या ट्री-व्ह्यूचं तंत्रही याच जातीचं. वेगाला हे छान, पण ठसा हा नुसता चित्र असतो, त्याच्यावरचं बटण दाबलं जात नाही, ओळीत अ‍ॅनिमेशन टाकायचं तर जीव निघतो. रहाटगाडग्यात प्रत्येक दिसणारी ओळ जिवंत विजेट असते आणि मला विचाराल तर एवढ्या फायद्यासाठी थोडी जास्त मेमरी गेली तरी चालेल.

पण खरा घोळ इथूनच सुरू होतो. विजेट म्हणजे डेटा नव्हे हे तोंडाने म्हणणं सोपं आहे, हात मात्र विसरतात. सगळ्यात नेहमीचा बग म्हणजे तिसऱ्या ओळीवर टिक केली, खाली स्क्रोल केलं, तर चौतिसावी ओळ आपोआप टिक झालेली दिसते, कारण टिक विजेटवर लागली होती आणि तोच विजेट आता चौतिसाव्या ओळीचं काम करतोय. टिकची नोंद मॉडेलमध्ये हवी आणि बाइंड करताना ती दर वेळी लावायला हवी, टिक असेल तर लावायची आणि नसेल तर काढायची, हा दुसरा अर्धा भाग लोक हमखास विसरतात. याचाच भाऊ म्हणजे उशिरा येणारं चित्र. फोटोंची यादी आहे, पाचव्या ओळीचा फोटो डिस्कवरून यायला वेळ लागला, तोपर्यंत तुम्ही पुढे निघून गेलात, तो विजेट आता चाळिसावी ओळ आहे, आणि मग पाचव्याचा फोटो येऊन चाळिसाव्यावर बसतो. अनबाइंड होताना ती मागणी रद्द करायची, नाहीतर फोटो आल्यावर हा विजेट अजून त्याच ओळीचा आहे ना हे तपासायचं. हा बग मी स्वतः शोधत दोन दिवस घालवलेत, कारण हळू स्क्रोल केलं की तो दिसतच नाही.

सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या असतील तर अमुक ओळ कुठे आहे हा निव्वळ गुणाकार आहे. क्यूटी मध्ये म्हणूनच 'सगळ्या ओळी एकसारख्या आहेत' असं आधीच सांगायची सोय असते, ते सांगितलं की यादी एकदम हलकी होते. उंची वेगवेगळी असेल तर मात्र पंचाईत, कारण ७ लाखावी ओळ कुठे आहे हे सांगायला तिच्या आधीच्या सगळ्यांची बेरीज हवी. त्यासाठी उंच्या एका संतुलित झाडात (फांद्या फुटत जाणारी डेटाची मांडणी) ठेवतात, प्रत्येक फांदीवर तिच्या खालच्या सगळ्यांची बेरीज लिहिलेली, त्यामुळे १० लाखांत सुद्धा साधारण वीसेक पायऱ्यांत जागा सापडते, कारण २ चा २० वा घात १० लाख ४८ हजार ५७६ आहे. आणि ज्या ओळी अजून बनवल्याच नाहीत त्यांची उंची? ती अंदाजाने, आत्तापर्यंत मोजलेल्यांच्या सरासरीवरून धरतात. कधी कधी स्क्रोल करताना स्क्रोलबारचा ठोकळा उगाच थोडा दचकतो ना, ते अंदाज सुधारल्यामुळे असतं.

आकड्यांच्या मर्यादाही मध्ये येतात. एक्स-११ मध्ये, म्हणजे लिनक्ससारख्या सिस्टिमवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेत, कोऑर्डिनेट (जागा सांगणारे आकडे) १६ बिटचे, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे नाही, आपल्या २४ पिक्सेलच्या ओळी १३६५ झाल्या की संपलं. क्यूटीच्या विजेटची कमाल उंची १,६७,७७,२१५ पिक्सेल, म्हणजे सात लाख ओळी पण नाहीत. म्हणजे कुणी मेमरी फुकट वाटली असती तरी तो सहा किलोमीटरचा कागद खरोखर बनवता आलाच नसता, स्क्रोल म्हणजे फक्त 'आत्ता कितव्या ओळीपासून दाखवायचं' हा आकडा बदलणं, एवढंच करणं भाग आहे.

त्यात डेटा स्वस्थ बसत नाही. लॉगमध्ये नव्या ओळी येत राहतात, आणि मॉडेल तेव्हा तीनच आकडे कळवतं, कुठे, किती गेल्या, किती आल्या. तुम्ही मधली एखादी ओळ वाचत असताना वरच्या बाजूला ५० ओळी घुसल्या तर यादीने काय करावं? पिक्सेल धरून बसली तर तुमची ओळ डोळ्यासमोरून निसटते, म्हणून चांगली यादी एक ओळ धरून ठेवते आणि बाकीचं तिच्याभोवती हलवते. वाचणाऱ्या माणसासाठी ही माझ्या मते वेगापेक्षाही महत्त्वाची गोष्ट आहे. सॉर्टिंगचं पण तसंच, १० लाख ओळी लावायला दोनेक कोटी तुलना लागतात, ते एका दमात केलं तर विंडो गोठणार, म्हणून जीटीके ४ मध्ये ते तुकड्या-तुकड्याने करायची सोय आहे आणि तोपर्यंत तुम्ही स्क्रोल करत राहू शकता.

एवढं सगळं नीट जमलं तरी स्क्रोलबार मात्र हरतो. प्रमाणात काढायचा तर ७२० पिक्सेलच्या पट्टीवर त्याचा ठोकळा ०.०२ पिक्सेलचा होईल, म्हणून टूलकिट त्याला कमीत कमी एक आकार देतात, पण माऊस एक पिक्सेल हलला की तुम्ही जवळपास १४०० ओळी ओलांडता आणि मधल्या ओळींवर तो ठोकळा धरून तुम्ही थांबूच शकत नाही. माझ्या लॉगच्या टूलमध्ये शेवटी मी वर दोन चौकटी टाकल्या, एक ओळ नंबरची आणि एक शोधायची. शोध मॉडेलमध्ये चालतो, विजेटमध्ये शोधलं तर ३१ ओळींच्या बाहेरचं काहीच सापडणार नाही. आता तीन लाखांची ती फाइल उघडते लगेच, आणि त्यातली मला हवी असलेली ओळ बहुतेक वेळा स्क्रोल न करताच सापडते.