उपासनेला कोणत्या मनानं यावं?

रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानापुढं रांग लागते, त्याच सुमाराला ख्रिस्ती मंडळी उपासनेला निघते. पाळकांचा संदेश, म्हणजे प्रवचन, लांबला की मागच्या बाकावर घड्याळं बघणं सुरू होतं. घरी रस्सा वाट बघत असतो. पाळकांना हे कळत नाही असं नाही. पण उपासनेला कोणत्या मनानं यावं, ही कुरबूर मंडळीइतकीच जुनी आहे.

इ.स. 55 च्या आसपास येशूचा प्रेषित पौल यानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांना, पत्र लिहिलं. तिथं प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, काहीजण आधीच खाऊन-पिऊन तर्र होत आणि गरीब उपाशी बसत. एकमेकांसाठी थांबा, असं त्यानं बजावलं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातली तक्रारही त्याच जातीची: सोन्याची अंगठीवाला आला की त्याला मानाची जागा, फाटक्या कपड्यातल्याला पायाशी. येशूनं तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं होतं. म्हणजे सुरुवातीची ही बोलणी डुलकी घेणाऱ्याला नव्हती, शेजाऱ्याला न मोजणाऱ्याला होती.

155 च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं रोममधल्या रविवारच्या सभेचं वर्णन केलं आहे. वाचन, बोध, उभं राहून प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस; जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी आणि कैद्यांसाठी. 321 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं रविवारची सुट्टी जाहीर केली. पुढं सत्ता आणि चर्च एकत्र आल्यावर हजेरीची सक्तीही आली. इंग्लंडमध्ये 1559 च्या कायद्यानं गैरहजर राहणाऱ्याला बारा पेन्स दंड होता. दंडानं बाकं भरली असतील, मनांचं काय झालं ते दंडाच्या वहीत कुठून सापडणार?

1645 च्या वेस्टमिन्स्टर नियमावलीनं, म्हणजे ब्रिटनमधल्या उपासनेच्या नियमांच्या पुस्तकानं, मात्र मनाचा विषय काढला: अंतःकरण तयार करून या, गंभीरपणे आत शिरा, कुजबुजू नका, झोपू नका. प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडीलजनांच्या हाती कारभार असणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या, घराण्याची ही शिस्त. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, 1870 मध्ये त्यांचं मिशन प्रेस्बिटेरियन चर्चकडं गेलं आणि त्या घराण्याशी इथल्या मंडळीचं नातं जुळलं.

पण मराठी माणसाची भक्ती गप्प बसून भागत नाही, तिला टाळ लागतो. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची शेकडो भजनं रचली. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांतली भजनं आजही आहेत. माझ्या मते नियमावलीला जे जमलं नाही ते या भजनांनी केलं, कारण गाणाऱ्याला घड्याळ बघायला सवड नसते.

प्रभुभोजनाच्या रविवारी करिंथकरांचा तोच अध्याय अजून वाचला जातो. स्वतःची परीक्षा करा, ही ओळ आली आणि शेताच्या बांधावरून अबोला धरलेले दोघं एकाच बाकावर असले, की मागच्या रांगेचे कान टवकारतात.