हळकुंड, साल आणि सलाईन

हळदीच्या हंगामात वसमतच्या मोंढ्यात थोडा वेळ उभे राहिले तरी कपड्यांना पिवळी झाक येते, आणि हिंगोली-नांदेडकडच्या घरांत ही हळद खोकल्यापासून जखमेपर्यंत कशावरही पहिला उपाय असते. त्यामुळे अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्ण बाईसाठी नातेवाइकांनी हळदीचा काढा आणला तर त्यात नवल वाटत नाही. गंमत अशी की, त्याच वेळी तिच्या शिरेतून जे औषध थेंबाथेंबाने जात असते, तेही बहुधा एका झाडाचेच देणे असते.

हा रोग सुरुवातीला फारसा बोलत नाही. पोट फुगते, दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते, आणि गॅस झाला असेल म्हणून महिने निघून जातात. निदान होते तेव्हा बऱ्याचदा रोग पोटाच्या पोकळीत पसरलेला असतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या जोडीला केमोथेरपी लागते, आणि तिच्यात कार्बोप्लॅटिन या औषधाबरोबर पॅक्लिटॅक्सेल दिले जाते.

पॅक्लिटॅक्सेलचा उगम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या सालीत आहे. ही साल 1962 मध्ये गोळा करण्यात आली. रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी तिच्यातून हा रेणू वेगळा केला आणि 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. आपल्या शेजारच्या खानदेशातून गेलेल्या या माणसाचे नाव मराठी शाळांत कानावर पडत नाही, ही चुटपुट लागते. पुढे 1979 मध्ये सुसान हॉरविट्झ यांनी त्याची चाल उलगडली. पेशी विभागताना तिच्या आत सूक्ष्मनलिकांचे दोर तयार होतात आणि काम झाले की सुटतात. पॅक्लिटॅक्सेल हे दोर सुटूच देत नाही, त्यामुळे पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकून मरते. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी कर्करोगावरील औषधे याच्या नेमकी उलट वागतात, म्हणजे दोर बांधूच देत नाहीत.

अडचणी मात्र पुढेच होत्या. एक किलो औषधासाठी सुमारे दहा हजार किलो साल लागे, आणि साल काढली की झाड मरे. शिवाय हा रेणू पाण्यात विरघळेना. शेवटी एरंडेल तेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेल्या द्रावकात तो विरघळवला गेला. पण त्या द्रावकाने काहींना तीव्र ॲलर्जी होते, म्हणून आजही हे सलाईन लावण्याआधी स्टेरॉइड देतात. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत 1992 मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि नंतर युरोपीय यूच्या पानांतील जवळच्या रेणूपासून ते बनवता येऊ लागल्याने झाडे तोडण्याची गरज उरली नाही.

वॉल आणि वाणी यांनीच एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधले होते. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही ते सापडते, आणि त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली. मूळ रेणूच्या चाचण्यांत मूत्राशयाला गंभीर इजा होऊ लागल्याने त्या थांबवाव्या लागल्या. त्यात बदल करून केलेले टोपोटेकन 1996 मध्ये याच रोगासाठी मान्य झाले.

आता हळद. तिच्यातले कर्क्युमिन प्रयोगशाळेतील बशीत अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते, हे खरे आहे. पण हळकुंडात ते जेमतेम काही टक्के असते, आतड्यातून फार थोडे शोषले जाते, आणि यकृत तेही झपाट्याने निकामी करते. बशीतल्या पेशींवर ओतलेली मात्रा काढा पिऊन रक्तात पोहोचत नाही. मिऱ्यातील पायपरीनने शोषण वाढते, असे 1998 च्या एका अभ्यासात दिसले, म्हणून बाजारातल्या कॅप्सूलमध्ये मिरी असते. हेच पायपरीन यकृतातील ज्या विकरांना (एन्झाइमांना) अडवते, त्यांतले एक पॅक्लिटॅक्सेलचाही निचरा करते. म्हणून काढा किंवा कॅप्सूल चालू असेल तर ते केमोथेरपी देणाऱ्या डॉक्टरांना, त्यांनी विचारले नाही तरी, आधी सांगावे. कर्क्युमिन सूक्ष्म कणांत गुंडाळून रक्तात टिकवण्याचे प्रयत्न होत आहेत, पण अंडाशयाच्या कर्करोगावरील औषध म्हणून त्याला अद्याप मान्यता नाही.