मुघलकालीन हस्तिदंती रंजकदाणी

रंजकदाणी म्हणजे तोड्याच्या (पेटत्या वातीने उडवायच्या) बंदुकीला लागणारी बारीक दारू ठेवायची छोटी डबी. ही बंदूक भरायची म्हणजे बराच खटाटोप असायचा, आधी मोठ्या बारूददानातून नळीत दारू ओतायची, वरून गोळी टाकायची, गजाने ठासायची, आणि मग नळीच्या बाजूला कानापाशी, म्हणजे आत जाणाऱ्या बारीक छिद्रापाशी, जो छोटा प्याला असतो त्यात चिमूटभर बारीक दारू घालायची, हीच रंजक. पेटता तोडा तिच्यावर टेकला की जाळ कानातून आत जातो आणि बार उडतो. रंजक भिजली किंवा सांडली की सगळी मेहनत वाया, म्हणून तिची डबी वेगळी, आणि तोंडावर स्प्रिंगचं झाकण, बोटाने दाबलं की उघडतं, सोडलं की आपोआप बंद.

१७ व्या शतकात मुघल दरबारी मंडळींसाठी या डब्या हस्तिदंताच्या बनायच्या आणि खरी गंमत इथे आहे. आकार सुळ्यासारखाच वाकडा, टोकाला बरेचदा काळवीट किंवा हरणाचं डोकं, आणि अंगभर सिंह, हरणं, पक्षी असे काही एकमेकांत गुंतवलेले की एक प्राणी कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते शोधत बसावं लागतं. नुसती नक्षी म्हणून हे प्राणी निवडले असतील असं मला तरी वाटत नाही, कारण या वस्तू शिकारीच्याच होत्या आणि शिकार म्हणजे बादशाही शौक, जहांगीरने तर आत्मचरित्रात हिशोबच मांडलाय, वयाच्या १२ व्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत स्वतःच्या हाताने मारलेले १७,१६७ प्राणी!

सगळ्याच डब्या हस्तिदंती नसायच्या, शिंग, लाकूड, कातडं, पितळ, शिंपला सगळं चालायचं, गुजरातेत शिंपल्याच्या चकचकीत तुकड्यांनी मढवलेलीही बारूददानं बनायची. जर्मनीत १६ व्या शतकात हरणाच्या दुफाट्या शिंगाची कोरीव बारूददानं होती, पण त्यांचा घाट वेगळा.

१९ व्या शतकात टोपीच्या बंदुका आल्या, टोपी म्हणजे स्फोटक भरलेलं धातूचं छोटं टोपण, टोपीवर घोडा आपटला की बार उडायचा, म्हणजे प्याल्यात रंजक घालायचं कामच उरलं नाही. आपल्याकडे तोड्याच्या बंदुका त्यानंतरही बरीच वर्षं चालल्या, त्यामुळे साध्या, बिननक्षीच्या रंजकदाण्याही तेवढ्याच टिकल्या.